न बघितलेल्या दुकानदाराला पैसे द्यायला लोक तयार कसे झाले? वाचा माँटगोमेरी वॉर्डची गोष्ट

इन्स्टाग्रामवर परदेशी साइटची जाहिरात येते. वस्तू झक्कास, किंमत निम्मी. पण कार्डचा नंबर टाकायची वेळ आली की हात थांबतो. पैसे गेले आणि वस्तू आलीच नाही तर?

ही धाकधूक दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनाही होती. ती घालवणाऱ्या माणसाचं नाव आरन माँटगोमेरी वॉर्ड.

जन्म न्यू जर्सीतल्या चॅथमचा, पण तो लहान असतानाच घरचे मिशिगनला गेले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पिंपाच्या फळ्या बनवणाऱ्या कारखान्यात दिवसाला २५ सेंट, मग वीटभट्टीवर ३० सेंट. पुढे बुटांच्या दुकानात विक्रेता, तिथून शिकागो आणि शेवटी कापडाच्या ठोक व्यापाऱ्याचा फिरता सेल्समन.

या फिरतीतच त्याला धंद्याची कल्पना सुचली. खेड्यात दुकान एखादंच असायचं, मधले दलाल अनेक. दुकानदार सांगेल तो भाव आणि देईल तो माल. वॉर्डने हिशेब मांडला: शिकागोत रोखीने ठोक माल घ्यायचा आणि रेल्वेने थेट शेतकऱ्याकडे पाठवायचा.

माल जमवला, तोच ऑक्टोबर १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळून गेला. १८७२ मध्ये त्याने पुन्हा सुरुवात केली. भांडवल १,६०० डॉलर, आणि कॅटलॉग म्हणजे १६३ वस्तूंची एक पानी यादी. वर्षभरात भागीदार सोडून गेले, तेव्हा साडू जॉर्ज थॉर्न सोबत आला.

पण खरं संकट १८७३ मध्ये आलं. शिकागो ट्रिब्यूनने ही कंपनी लबाड असल्याचं छापून शेतकऱ्यांना सावध केलं. भाव इतके कमी कसे? जाऊन बघायला दुकान का नाही? सगळा व्यवहार पत्रानेच का? खरं तर वर्तमानपत्राचं चुकलं असं म्हणवत नाही. बनावट साइट ओळखायला आज हेच प्रश्न विचारावे लागतात.

वॉर्डचं उत्तर त्याच्या पैसे घेण्याच्या पद्धतीत होतं. माल एक्सप्रेस कंपनीमार्फत जायचा. शेतकऱ्याने तो एजंटसमोर उघडायचा, तपासायचा आणि पसंत पडला तरच पैसे द्यायचे. नाही पडला तर माल परत. हे कळल्यावर काही आठवड्यांतच ट्रिब्यूनने आपले शब्द मागे घेतले. १८७५ मध्ये वॉर्ड आणखी पुढे गेला: समाधान झालं नाही तर पैसे परत, अशी हमीच त्याने दिली. फसण्याची जोखीम गिऱ्हाइकाच्या खिशातून उचलून त्याने स्वतःच्या गल्ल्यावर घेतली.

आपल्याकडे १८७७ मध्ये टपाल खात्याची व्हीपी आली. मराठी घरांत किती पुस्तकं व्हीपीने आली असतील! पण फरक बघा. व्हीपीत आधी पोस्टमनला पैसे, मग पार्सल उघडायचं. बऱ्याच कॅश ऑन डिलिव्हरीतही तेच होतं, म्हणून तर मोबाइलच्या खोक्यातून साबणाची वडी निघाल्याचे किस्से ऐकू येतात.

परदेशी साइटवर बहुधा तीही सोय नसते, पैसे आधीच जातात. मग गिऱ्हाइकाच्या हातात एकच दोरी उरते: कार्ड. माल आला नाही किंवा भलताच आला तर बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार करून चार्जबॅक मागता येतो. तक्रारीला मुदत असते, म्हणून महिनोन्‌महिने विक्रेत्याच्या आश्वासनांवर थांबायचं नाही. थेट बँक खात्यात किंवा क्रिप्टोमध्ये पैसे पाठवा म्हणणारा विक्रेता ही दोरीच कापून मागत असतो. शिवाय अनेक परदेशी साइटवर ओटीपी येतच नाही. म्हणून कार्डवरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून खरेदीपुरते सुरू करायचे आणि लगेच बंद करायचे.

इकडे वॉर्डचा धंदा फोफावला. १८८३ पर्यंत त्या एका पानाचा २४० पानांचा, दहा हजार वस्तूंचा कॅटलॉग झाला. चिडलेल्या गावदुकानदारांनी तो काही ठिकाणी चौकात जाळला. पुढे सीअर्स नावाचा प्रतिस्पर्धी आला आणि १९०० मध्ये विक्रीत वॉर्डच्या पुढे गेला.

तोवर वॉर्ड वेगळ्याच भांडणात गुंतला होता. शिकागोच्या तळ्याकाठची जमीन इमारतींशिवाय मोकळी राहावी म्हणून तो वीस वर्षं कोर्टात लढला. बड्या लोकांचा रोष ओढवून घेतला, पण जिंकला. आजचं ग्रँट पार्क त्यामुळेच मोकळं राहिलं.

७ डिसेंबर १९१३ रोजी तो वारला. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी अमेरिकन टपाल खात्याने पार्सल सेवा सुरू केली होती. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रोलिअर क्लबने सर्वांत प्रभावी शंभर अमेरिकन पुस्तकं निवडली, त्यात वॉर्डचा कॅटलॉगही होता.