कमरेला तलवार, ओठांवर अभंग. पाटीलबावा महादजी शिंदे

पुणे : वानवडीतली शिंद्यांची छत्री अनेकांनी येता-जाता पाहिलेली असते. पण ती कुणाची, हे विचारलं तर बरेच जण गप्प होतात. ती आहे महादजी शिंदे यांची. दिल्लीच्या बादशहाला गादीवर बसवणारा हा शूर सरदार १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या छावणीतच वारला.

घराणं सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचं. कण्हेरखेडची पाटीलकी त्यांच्याकडे. वडील राणोजी पेशव्यांच्या पदरी साध्या चाकरीला लागले आणि मनगटाच्या जोरावर सरदार झाले.

पोरांच्या वाट्याला मात्र रणांगणच आलं. थोरले भाऊ जयाप्पा १७५५ साली नागौरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडले. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपतात भाऊ तुकोजी आणि पुतण्या जनकोजी गेले. महादजींच्या पायावर पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराचा वार बसला. राणेखान नावाच्या भिस्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने, त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. महादजींनी हे उपकार जन्मभर जपले. राणेखानाला भाऊ मानलं, फौजेत मोठं केलं.

घर असं रिकामं झालेलं, पाय लंगडा. तरी गडी पुन्हा घोड्यावर बसला. १७७१ साली दिल्ली घेतली. १७७९ ला वडगाव मावळात इंग्रजांना शरण आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यानंतर मात्र बारा-एक वर्षं उत्तरेतच गेली.

परमुलूख, थकलेले पगार, पुण्याहून वेळेवर न येणारी कुमक. १७८७ ला लालसोटला तर आपलीच काही पलटणं शत्रूला जाऊन मिळाली. दुसरा कुणी असता तर तिथेच मोडला असता. पुढच्याच वर्षी महादजींनी दिल्ली परत मिळवली.

या धकाधकीत त्यांना दोन गोष्टींचा आधार होता. एक, कृष्णभक्ती. मथुरेला त्यांचा मोठा तळ असे. मोहिमांच्या गडबडीतही त्यांनी मराठीत आणि तिकडच्या बोलीत अभंग, पदं रचली. संत सोहिरोबानाथांना त्यांनी आपली कविता दाखवली, पण नाथांनी ती वाखाणली नाही, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो-नसो, एवढा मोठा सरदार आपलं लिखाण साधूपुढे ठेवतो, हे लोकांच्या लक्षात राहिलं.

दुसरी गोष्ट, गाव. बादशहाने मोठमोठे किताब दिले, पण महादजींना आवडायचं ते पाटील म्हणवून घेणं. त्या काळच्या पत्रांतही त्यांचा उल्लेख पाटीलबावा असाच येतो.

जून १७९२ मध्ये ते पुण्याला परतले. पेशव्यांच्या दरबारात सगळ्यांच्या खाली बसले आणि बगलेतून नवे जोडे काढून तरुण सवाई माधवरावांपुढे ठेवले. आपल्या बापाचं काम हेच होतं, असं त्यांनी सांगितल्याची गोष्ट आजही सांगतात.

उत्तरेत परत जाणं झालंच नाही. दीड-पावणेदोन वर्षांत तापाने गाठलं. भाऊबंद दूरच्या मातीत पडले. पाटीलबावांना मात्र आपल्या मुलखाची माती मिळाली. वानवडीला गेलात तर घटकाभर तिथे थांबा.