मलिक अंबर : सरंजामी काळातील नगरप्रशासक

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे निजामशाही घराण्याच्या पूर्वजांचे गाव, अशी परंपरा आहे. या निजामशाहीच्या अखेरच्या पर्वात राज्य सावरून धरणाऱ्या मलिक अंबराचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत. गनिमी काव्याने लढणारा सेनानी म्हणून तो तुम्हांस परिचित असेलच. येथे त्याच्या नगरप्रशासनाकडे विशेष लक्ष द्यावयाचे आहे.

अंबराचा जन्म 1548 च्या सुमारास अॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा अंबराने दुसऱ्या मूर्तजा निजामशहाला गादीवर बसवून राज्याची सूत्रे हाती घेतली.

1610 मध्ये त्याने खाम नदीकाठच्या खडकी गावी नवे नगर वसवले. मालपुरा, खेलपुरा ही तेथील पुऱ्यांची नावे मराठा सरदारांच्या नावांवरून पडली. सरदाराला वस्तीशी बांधणे हेही राज्य बांधण्याचेच साधन होते, हे लक्षात घ्या. 1616 मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर मोगल फौजेने खडकी जाळली. 1621 मध्ये पुन्हा तेच घडले. तरीही नगर उठले नाही. हर्सूलच्या डोंगराकडील झऱ्यांचे पाणी भूमिगत नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानता येईल. घरे जळतात, पण जमिनीखालचे पाणी वाहत राहते. आणि पाणी असेल तेथे माणूस परततो.

नगर पोसायचे तर खेडे जगले पाहिजे. म्हणून अंबराने मक्त्याने सारावसुली देण्याची पद्धत मोडून जमिनीच्या प्रतीनुसार सारा ठरवला. पुढे शिवकालीन महसूलव्यवस्थेलाही ही पद्धत उपयोगी पडली.

याच सुमारास, 1603 मध्ये, जपानात तोकुगावा इएयासूने एदो हे सत्तेचे केंद्र केले. तेथे सामुराई वर्गातील नगर-अधिकारी आणि त्यांच्या हाताखाली नागरिकांतील प्रमुख असत. आपल्याकडे कोतवाल आणि पेठेतील शेटे-महाजन असत. दोन्हीकडे दैनंदिन कारभारात रहिवाशांचा वाटा होता, परंतु अंतिम अधिकार वरूनच येई. या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या एकाच गोष्टीत आहे.

1626 मध्ये अंबर मरण पावला. त्याची कबर खुलताबाद येथे आहे. दहा वर्षांत निजामशाही संपली. औरंगजेबाच्या काळात खडकीचे औरंगाबाद झाले आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे पालटली, राज्ये गेली. नगर मात्र टिकले.

स्वयं-अध्ययन : तुमच्या गावातील पेठ, पुरा, वेस, कोतवाल या शब्दांशी निगडित स्थलनामे व आडनावे नोंदवा आणि त्यांतून जुन्या नगरव्यवस्थेविषयी काय समजते, ते 10 ओळींत लिहा.