वाटणीच्या हिशेबातून आलेलं बीजगणित

बीजगणित म्हटलं की आपल्या मुलांना वाटतं, हे कुणीतरी छळायलाच शोधलं असणार. मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझमी यांनी नवव्या शतकात बगदादमध्ये ते मांडलं, तेव्हा गरज मात्र घरातलीच होती: वारसाहक्क, व्यापार, जमिनीची मोजणी.

खलिफा मामून यांच्या काळात ते बैतुल हिकमामध्ये होते. त्यांच्या किताबचा मोठा भाग वसीयत आणि वारशाचाच आहे. त्यातलाच एक हिशेब पाहू. बाप वारला, मागे दोन मुलगे आणि रोख 10 दिरहम. एका मुलाकडून 10 दिरहम येणं आहे, पण ते त्याच्याकडे नाहीत. शिवाय तिसरा हिस्सा एका परक्याला द्यायची वसीयत. कर्जातून किती वळतं करायचं? त्या न कळलेल्या रकमेला ते नुसतं 'शै' म्हणतात, म्हणजे वस्तू. आपला 'एक्स' तोच! उत्तर येतं 5. एकूण 15 धरून तिघांना पाच-पाच. कर्जदाराचे पाच कर्जातच फिटतात. कुणाचा हक्क बुडत नाही. आपल्याकडे बहिणीचा हिस्सा अजूनही तोंडीच मिटवतात, तिथे असा कागद हवा.

वजा झालेलं भरून काढायच्या रीतीला त्यांनी 'जब्र' म्हटलं. मोडलेलं हाड बसवण्यालाही अरबीत हाच शब्द. त्यावरूनच 'अल्जेब्रा'.

हिंदुस्थानी अंकांवरही त्यांनी लिहिलं. ते अरबी पुस्तक हरवलं, लॅटिन रूप तेवढं उरलं. त्यात त्यांचं नाव लॅटिन वळणाने आलं आणि पुढे त्याचाच 'अल्गोरिदम' झाला.