ब्राउनिंग यांचे अपुरे पिस्तूल

बेल्जियममधील लिएजजवळच्या ‘एफएन’ कारखान्यात, मुलाच्या कार्यालयात, २६ नोव्हेंबर १९२६ रोजी जॉन मोझेस ब्राउनिंग यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचे शेवटचे पिस्तूल तेव्हा अपुरेच होते.

अमेरिकेतील ऑग्डेन येथे १८५५ मध्ये एका बंदूक कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांची कर्मशाळा हीच त्यांची खरी शाळा. गोळी सुटताच नळी आणि तिच्यावरील स्लाइड एकत्र मागे सरकतात. नळीचा मागचा भाग खाली झुकून ती सुटी होते. स्लाइड रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि परतताना नवे भरते. चाप मात्र दर गोळीला ओढावा लागतो. या तत्त्वावरील त्यांचे पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये स्वीकारले व १९८५ पर्यंत अधिकृत ठेवले.

त्याचे हक्क ‘कोल्ट’कडे होते. त्यामुळे ‘एफएन’साठी नवे पिस्तूल आखताना ब्राउनिंग यांना स्वतःच्याच पेटंटना वळसा घालावा लागला! ती मुदत संपल्यावर सहकारी दिउदोने सेव्ह यांनी काम पूर्ण केले. तेरा गोळ्यांचे दुपदरी मॅगझिनही सेव्ह यांचेच. नाव मात्र ब्राउनिंग यांचे राहिले. बेल्जियमने हे ‘हाय-पॉवर’ १९३५ मध्ये स्वीकारले. पुढे त्याचीच आवृत्ती भारतीय लष्करासाठी बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झाली.