संत जोसेफ वाझ : स्वतःस ओळखणारा मेंढपाळ

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाच्या पूर्वजांचें कृतज्ञतेनें स्मरण करीत असतां, पुढारीपणाचा खरा धडा ज्यांच्यापासून घ्यावा असे एक संत डोळ्यांपुढें उभे राहतात. ते म्हणजे सिलोनचे प्रेषित संत जोसेफ वाझ.

त्यांचा जन्म ता. २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्यांतील बाणावली येथें झाला. वडिलांचें घराणें सांकवाळचें, ब्राह्मण कुळांतलें व श्रद्धाळू होतें. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. कुळ, विद्या व वक्तृत्व हीं तिन्ही ज्याच्या पदरीं आहेत अशा तरुणास अभिमान चढण्यास वेळ लागत नाहीं. परंतु दुसऱ्याच वर्षीं, ता. ५ ऑगस्ट १६७७ रोजीं, त्यांनीं सांकवाळच्या ख्रिस्तमंदिरांत दास्यपत्र लिहून आपणांस पवित्र मरियेचे कायमचे दास म्हणून वाहून घेतलें. लोकांस आज्ञा करण्यापूर्वीं आपण स्वतः कोणाच्या आज्ञेंत आहों, हें त्यांनीं असें लेखी बांधून ठेविलें.

१६८१ सालीं त्यांस कानडा प्रांतांत धाडण्यांत आलें. तेथें दोन धर्माधिकारांच्या वादानें ख्रिस्ती समाज दुभंगला होता. अशा वेळीं आपल्या पक्षाचा मान मोठा करणें सोपें असतें. फादर वाझ यांनीं मात्र समेटाचा मार्ग धरिला. गोव्यास परतल्यावर १६८५ सालीं ते जुन्या गोव्यांतील एतद्देशीय धर्मगुरूंच्या लहानशा मंडळास मिळाले, व लवकरच त्याचे प्रमुख झाले. हेंच मंडळ पुढें संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर उभें राहिलें.

परंतु त्यांचें मन सिलोनकडे लागलें होतें. तेथें डच लोकांनीं कॅथोलिक धर्मगुरूंस बंदी केल्यामुळें अनेक वर्षें कळप मेंढपाळावांचून होता. फादर वाझ यांनीं प्रमुखपद सोडिलें आणि १६८७ सालीं मजुराच्या वेषानें ते त्या बेटावर उतरले. आजारानें अंग खंगलें असतांही गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत हिंडले. जपमाळ पाहून कोणाची मुद्रा पालटते, यावरून ते लपलेले कॅथोलिक हुडकीत. ब्राह्मण कुळाचा पुत्र भिकारी झाला, तेव्हांच त्यास आपलीं मेंढरें सांपडलीं.

१६९२ सालीं कँडीच्या राजानें त्यांस पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेंत टाकिलें. तामिळ त्यांनीं आधींच आत्मसात केली होती. कैदेंत ते सिंहली शिकले. गुरूनें पुन्हां विद्यार्थी होण्याची लाज त्यांस वाटली नाहीं. १६९७ सालीं कँडींत देवीची सांथ आली, तेव्हां त्यांनीं टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा स्वहस्तें केली व राजाचा विश्वास संपादिला.

आपण एकटे सर्वत्र पुरे पडणार नाहीं, हें ते जाणून होते. म्हणून गांवोगांवीं त्यांनीं प्रापंचिकांतूनच प्रमुख नेमिले. धर्मगुरूच्या गैरहजेरींत प्रार्थना चालविणें व मुलांस धर्मशिक्षण देणें हें त्यांचें काम. गोव्याहून आलेल्या सहकाऱ्यांस त्यांनीं मोकळेपणानें पुढें केलें; त्यांपैकीं फादर जाकोम गोन्साल्विस यांनीं सिंहली व तामिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. बिशपपदाची सूचना आली, ती वाझ यांनीं नाकारिली. ता. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें ते प्रभुचरणीं लीन झाले. ता. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें.

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या भंडारा जिल्ह्यांत कॅथोलिक घरें थोडीं व विखुरलेलीं आहेत. येथें प्रार्थना चालविणारा, मुलांस शिकविणारा, मंडळाचा हिशोब ठेवणारा प्रत्येक जण लहानसा मेंढपाळच आहे. आणि मी, तुमचा धर्मगुरु, यांतून वेगळा नाहीं. रात्रीं निजण्यापूर्वीं आपण विवेकबुद्धीची तपासणी करितों, तेव्हां आणखी एक प्रश्न मनास विचारावा : आज मीं जागा सांभाळिली, कीं माणसें सांभाळिलीं? ज्यास हें उत्तर खरेपणानें देतां येईल, त्यास जागा सोडण्याचें भय उरणार नाहीं. संत जोसेफ वाझ आपणां सर्वांसाठीं विनंती करोत.