मनोनिग्रहातून आरोग्याकडे : स्वामी कुवलयानंद

लोहगड-विसापूरचे दुर्ग आणि कार्ले-भाजे येथील लेणी यांमुळे मावळ प्रांत सर्वांना परिचित आहे. याच मावळात, लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर, योगविद्येला प्रयोगशाळेच्या कसोटीवर पारखून घेणारे एक तपस्वी जीवन बहरले. ते जीवन कैवल्यधाम संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचे होय.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. परंतु बुद्धी तल्लख असल्याने १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. बडोदा येथे महाविद्यालयीन शिक्षण चालू असतानाच त्यांनी राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतीचे धडे घेतले. लोकमान्य टिळक व श्री अरविंद यांच्या विचारांनी भारावून त्यांनी राष्ट्रसेवेचे आणि आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत स्वीकारले.

पुढे खानदेशात अमळनेर येथे त्यांनी अध्यापन केले व तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. १९२३ मध्ये ते महाविद्यालय बंद पडले. मात्र तत्पूर्वीच, १९१९ मध्ये, नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्या रूपाने त्यांना सद्गुरू लाभले होते. गुरूंनी दिलेल्या विद्येवर नितांत श्रद्धा असूनही ती केवळ श्रद्धेवर स्वीकारावी, असे त्यांना वाटले नाही. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्याने परीक्षण केले. निष्कर्ष प्रतिकूल निघाले असते तर आयुष्याची दिशाच बदलावी लागली असती; तरीही त्यांनी ती जोखीम पत्करली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरील दाबापेक्षा कमी होतो आणि त्यामुळे बस्तिक्रियेत पाणी आपोआप आत ओढले जाते, असे पुढील प्रयोगांत आढळले. या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचे नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींची प्रकृती ढासळली असता त्यांनी आसनांविषयी स्वामीजींशी पत्रव्यवहार केला. १९३२ मध्ये मुंबईत संस्थेची शाखा निघाली, तर १९५१ मध्ये लोणावळ्यात योग महाविद्यालय सुरू झाले. पुढे योगोपचारांसाठी रुग्णालयही उभे राहिले.

स्वामीजींच्या शिकवणीचा गाभा मात्र मनाच्या शिस्तीत होता. आसन म्हणजे शक्तिप्रदर्शन नव्हे. अभ्यासानंतर साधकाला थकवा न येता उत्साह वाटला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष असे. इतरांशी चढाओढ न करता आपल्या प्रकृतीला झेपेल तेवढाच, पण नियमित अभ्यास करावा, असे त्यांचे सांगणे होते. कान वाहणे, डोळ्यांच्या रक्तवाहिन्या किंवा हृदय दुर्बल असणे अशा अवस्थांत शीर्षासनासारखी आसने वर्ज्य करावीत, असा स्पष्ट इशारा त्यांनी आपल्या ‘आसने’ या ग्रंथात दिला. रोजकीर्द रोज लिहिली तरच वर्षअखेरीस ताळेबंद जुळतो. शरीराचा हिशेबही तसाच असतो. एका दिवसाच्या अतिरेकाने महिन्याच्या आळसाची भरपाई होत नाही.

डॉ. विनेकर यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा योगोपचारावरील ग्रंथ १९६३ मध्ये केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी योग्य मनोवृत्तीची जोपासना, शरीराच्या व्यवहारांना योगक्रियांनी लावावयाचे वळण, योग्य आहार आणि मलशुद्धी यांना महत्त्व दिले. आणि त्यांत मनोवृत्तीला अग्रस्थान दिले. कारण स्पष्ट आहे. काय खावे व किती खावे हे बहुतेकांना ठाऊक असते. भरल्या पोटी पुढे केलेला हात मागे घेण्याचे बळ मात्र मनालाच द्यावे लागते.

हा विचार जैन समाजाला नवखा वाटू नये. योगातील पाच यम आणि भगवान महावीरांनी उपदेशिलेली पाच महाव्रते एकच आहेत. मनःशुद्धीसाठी योगशास्त्रात मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा सांगितल्या आहेत, तर जैन परंपरेत मैत्री, प्रमोद, कारुण्य व माध्यस्थ्य या भावना आहेत. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवण्यास सांगणारा हठयोगातील मिताहार आणि बाह्य तपांतील उणोदरी यांचे नातेही असेच निकटचे आहे. उपवास वर्षातून काही दिवस घडतो. उणोदरीची कसोटी मात्र प्रत्येक भोजनाच्या वेळी लागते. पर्वाच्या दिवशी दिसणारा संयम पारण्याच्या ताटावरही टिकला, तरच ते तप मनात उतरले असे म्हणता येईल.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींनी देह ठेवला. मधुमेह, रक्तदाब व स्थूलता यांनी घरोघरी शिरकाव केलेल्या आजच्या काळात त्यांच्या जीवनातून घेण्याजोगा बोध साधा आहे : दररोज थोडा व्यायाम, दोन घास कमी आणि मनावर अखंड पहारा. मावळच्या या योगतपस्व्याला विनम्र अभिवादन!