मधपेटीचे जनक लँगस्ट्रॉथ

मधपेटीचे झाकण काढून तारा ओवलेली एकेक चौकट उचलावी, पोळ्याची पाहणी करावी आणि चौकट पुन्हा जागच्या जागी ठेवावी, ही कृती आज साधी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र मध काढायचा म्हणजे पोळे कापायचे आणि बहुधा मधमाश्यांचाही बळी द्यायचा, अशीच रीत होती. ती बदलण्याचे श्रेय प्रामुख्याने रेव्हरंड लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांना जाते.

त्यांचा जन्म २५ डिसेंबर १८१० रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झाला. मुंग्यांचे व्यवहार पाहत ते तासन्‌तास जमिनीवर गुडघे टेकून बसत. विजारी झिजवल्याबद्दल त्यांना शिक्षाही झाली. येल महाविद्यालयातून १८३१ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी तेथेच काही काळ गणित शिकवले आणि १८३६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे धर्मोपदेशकाचे पद स्वीकारले. १८३८ मध्ये एका मित्राकडे काचपात्रातील मधाचे पोळे त्यांनी पाहिले आणि त्याच दिवशी मधमाश्यांच्या दोन वसाहती विकत घेतल्या.

तीव्र नैराश्याच्या विकाराने त्यांना आयुष्यभर ग्रासले. त्यापायी धर्मोपदेश आणि अध्यापन पुनःपुन्हा सोडावे लागले. मनाला उभारी देणारे काम म्हणून मधमाश्यांचा आधार वाढत गेला. १८५१ मध्ये त्यांनी एक निर्णायक गोष्ट हेरली. सुमारे ६ ते ९ मिलिमीटरची फट मधमाश्या ये-जा करण्यासाठी मोकळी सोडतात. त्याहून अरुंद फट त्या झाडांच्या चिकाने बुजवतात, तर रुंद जागेत पोळे बांधतात. चौकटीच्या चारही बाजूंना हे अंतर राखल्यास ती पेटीला चिकटत नाही आणि सहज काढता येते, हे त्यांनी ताडले. १८५२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १८५३ मध्ये त्यांचा मधमाशीपालनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या चौकटीने पुढील शोधांची वाट खुली केली. जर्मनीतील योहानेस मेरिंग यांनी १८५७ मध्ये षट्कोनी ठसे उमटवलेला मेणपत्रा तयार केला. १८६५ मध्ये फ्रान्झ फॉन हृश्का यांनी पोळे न मोडता, ते गरगर फिरवून मध काढणारे यंत्र पुढे आणले. मात्र उष्णतेने मेणपत्रा लोंबतो आणि जड पोळे यंत्रात तुटते. म्हणून चौकटीत तारा ताणून त्या मेणात रुतवण्याची पद्धत रूढ झाली. तार जाड असली तर कोठड्यांच्या बांधणीत अडथळा येतो. मऊ असली तर ती सैल पडते. साधी लोखंडी तार गंजते. त्यामुळे बारीक पण ताण सोसणारी, कल्हईची किंवा स्टेनलेस स्टीलची तार पसंत केली जाते. आपल्याकडील सातेरी मधमाशी आकाराने लहान असल्याने तिच्यासाठी पेट्या लहान केल्या जातात आणि फटही कमी ठेवली जाते. तत्त्व मात्र तेच राहते.

या शोधातून लँगस्ट्रॉथ यांना धनलाभ जवळजवळ झालाच नाही. त्यांच्या पेटीच्या नकला सर्रास विकल्या गेल्या. न्यायालयीन लढ्यात पैसा व प्रकृती दोन्ही खर्ची पडली आणि पेटंटची मुदतही संपली. १८५८ पासून ते ओहायोतील ऑक्सफर्ड येथे राहत होते. तेथे मुलाच्या मदतीने ते इटालियन जातीच्या राणीमाश्या वाढवून विकत. १८७० मध्ये मुलगा आणि १८७३ मध्ये पत्नी अ‍ॅना यांचे निधन झाले. पत्नीने त्यांच्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत तयार करण्यापासून आजारपणातील संसारापर्यंत सारे सांभाळले होते.

अखेरची वर्षे त्यांनी डेटन येथे काढली. ६ ऑक्टोबर १८९५ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तेथील चर्चमध्ये प्रवचनास आरंभ करत असतानाच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. ज्या शोधाने त्यांना पैसा दिला नाही, त्या शोधावर आज जगभरच्या मधपाळांचा चरितार्थ चालतो.